शिफेरावांचा घास

शिफेरावांचा उजवा हात मोडला तो एका टोपलीपायी. टोपली शाबूत राहिली, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या गल्लीत त्यांना भेटायला येणारा जो तो पहिल्यांदा टोपलीचीच चौकशी करत होता.

झालं असं, की शेजारच्या आस्कालेचबाईंच्या मेस्केरेमचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलं. ईस्टरआधीचा मोठा उपवास, म्हणजे दुपारपर्यंत तोंडात काही नाही आणि मांस, अंडी, दूध-लोणी वर्ज्य, तो चालू असताना आमच्या आदिस अबाबात लग्नाचं कोणी नाव काढत नाही, आणि उपवास संपला रे संपला की गल्लोगल्ली तंबू लागतात. लग्नात वधूवरांपुढे चांगली मेसोब हवी. मेसोब म्हणजे रंगीत गवताची उंच, झाकणाची टोपली. तिच्यावर इंजेऱ्याचं, म्हणजे आमच्या आंबवलेल्या मऊ, मोठ्या धिरड्याचं, ताट मांडायचं आणि भोवती बसून सगळ्यांनी त्याच ताटात जेवायचं. बाजारात मिळतात त्या आपल्या असल्यातसल्याच. शिफेरावांकडची मात्र त्यांच्या बायकोनं, बिझुनेशनं, स्वतः विणलेली होती, आणि तिच्या तोडीची सबंध गल्लीत दुसरी नव्हती. बिझुनेश गेल्या पावसाळ्यात वारली. मुलंबाळं नाहीत. तेव्हापासून टोपली कपाटावर चादरीखाली होती, आणि शिफेराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बशी ठेवून जेवत होते. एकट्या माणसाला मेसोब कशाला लागते?

"गाशे, मेसोब लग्नापुरती द्याल का हो?" आस्कालेचबाईंनी दारातूनच विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही गाशे म्हणतो, बाईला इतिये. "पोरगी तिच्यावर जेवेल. बिझुनेशलाही बरं वाटेल."

'बिझुनेशला बरं वाटेल' म्हटल्यावर शिफेराव काय बोलणार? जन्मभर पाणीखात्यात लोकांना 'उद्या या' म्हणण्यात गेलेला माणूस. इथेही 'उद्या या' म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते लगेच खुर्चीवर चढले. टोपली हातात आली, खुर्ची डुगडुगली, आणि आता टोपली वाचवायची की स्वतःला, असा प्रश्न पडला. शिफेरावांनी टोपली वाचवली. तिला पोटाशी धरून ते असे काही आपटले की बाईंनी किंकाळी फोडली, "अगं बाई! झाकण?" मग जरा वेळानं, "आणि तुम्ही?"

झाकण ठीक होतं. मनगट मोडलं होतं.

सरकारी दवाखान्यात कोपरापासून बोटांच्या शेंड्यांपर्यंत प्लास्टर घालून मिळालं. ईस्टरच्या आधी काढू, डॉक्टर म्हणाले. शिफेराव निश्चिंत होऊन घरी आले, बशीत इंजेरा घेतला, वर पिठलं ओतलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की खायचं कशानं?

डावा हात होता की, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं एकदा चारचौघांच्या ताटात डावा हात घालून दाखवावा. डाव्या हाताची कामं वेगळी आहेत, ती सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि तो हात ताटात आला की भोवतालची मंडळी एकेक करून पोट भरल्याचं सांगत उठतात. घरात कोण बघतंय, हे खरं. पण शिफेरावांना एकट्यालाही लाज वाटे. जेवायच्या आधी ते खिडकी लावून घेत आणि भिंतीवरचा बिझुनेशचा फोटो उलटा करत. मग डाव्या हातानं चिवडाचिवड चाले. जेवण झालं, हात धुतला, की फोटो सुलटा करून म्हणत, "झालं गं माझं."

खरं तर हात मोडला म्हणून आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही. एकमेकांना भरवायची रीतच आहे. धडधाकट माणसालासुद्धा शेजारी बसलेला इंजेऱ्याच्या तुकड्यात रस्सा गुंडाळून तोंडात घालतो. हा गुर्शा. घास जेवढा मोठा तेवढी माया, असा हिशेब. नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. एकाच घासावर थांबलं तर दोघांत भांडण होतं असं मानतात, म्हणून दुसरा द्यायचाच. आणि घेतलात की कधी ना कधी परत भरवायचाही.

बिझुनेश रोज जेवणातला पहिला घास नवऱ्याला भरवत असे. भांडण झालं असलं तरी भरवी. तेव्हा घास जरा मोठा करी, म्हणजे निदान थोडा वेळ शिफेरावांना बोलता येऊ नये. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिच्या मयताला शिफेराव रडले नव्हते. ते तंबूत खुर्च्या पुरतायत की नाही, हे बघत फिरत होते. पण आता त्यांना मनातून पक्कं ठाऊक होतं, की कुणी पहिला घास तोंडात घातला की आपल्याला रडू फुटणार. पाणीखात्याचा माजी विभागप्रमुख भरल्या तोंडानं लोकांसमोर रडतोय! छे छे. त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं.

इकडे आस्कालेचबाईंच्या मनाला लागून राहिलं होतं, की आपल्यापायी माणसाचा हात गेला. दुसऱ्याच दिवशी त्या मसुरांचा रस्सा आणि इंजेरा घेऊन हजर. बाई विधवा, घरात त्या आणि मेस्केरेम दोघीच. पण आवाज दहा माणसांचा. बसल्या, हात धुतला, घास वळला.

"आ करा."

"इतिये आस्कालेच, अहो, माझा उपवास आहे."

"तो सगळ्यांचाच आहे. म्हणून तर मसूर आणली, मटण आणलं का मी?"

"माझा... जास्त आहे."

"जास्त म्हणजे?"

आता बोलणं भाग होतं. शिफेराव भिंतीकडे बघत म्हणाले, "नवस केलाय. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही."

बाईंचा हात घासासकट हवेत राहिला. मग त्यांनी घास ताटात ठेवला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आणि आम्ही मेले दुपार कलली की ताटावर तुटून पडतो."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली, आणि वाटेत तिला वजन चढलं. पाण्याचा नवस चर्चपर्यंत पोचला तेव्हा शिफेराव जमिनीवर झोपतात आणि रोज पहाटे गुडघ्यांवर बसून रडतात, असंही त्यात आलं होतं. आजवर साधं 'कसं काय' न विचारणारी माणसं दारात येऊन दंडवत घालू लागली. प्रार्थनेसाठी सांगू लागली. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या म्हशीसारख्या घोरणाऱ्या नवऱ्याचं घोरणं. पण जेवायला कोणी बोलवेना. नवसाच्या माणसाला जेवायला कसं बोलवायचं? आधी आठवड्यातून एखादं तरी आमंत्रण यायचं, तेही बंद झालं. शिफेराव दिवसभर खिडकीशी बसून, समोरच्या घरांतून येणारा फोडणीचा वास घेत, संत झाले होते.

संताला भूक लागतेच. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. शेवया! म्हणजे ते इटालियन स्पॅगेटी. ते काट्यानं खातात, आणि काटा डाव्या हातात धरला तर कुणी नाक मुरडत नाही. इथे राज्य करायला आलेली इटालियन माणसं गेली पण ही एक सवलत ठेवून गेली. शिफेराव बस पकडून लांब पियासा भागात जाऊ लागले. तिथल्या एका जुन्या कॅफेत, आतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, टोमॅटोच्या रश्श्यातलं स्पॅगेटी. तेल उपवासाचं, पण वेळ सकाळची, भर उपवासाची. आजूबाजूला जोडपी, मित्रमंडळी. शिफेरावांसमोरच्या खुर्चीवर त्यांची टोपी. एकदा वेटरनं ती खुर्ची दुसऱ्या टेबलासाठी मागितली, तर म्हणाले, "माणूस यायचंय." वेटर बिचारा मग रोजच विचारू लागला, "आलं नाही का अजून?"

एका सकाळी स्पॅगेटीत काटा वळवता वळवता त्यांनी वर पाहिलं, तर समोरच्या खांबाआडून बेयेने. बेयेने म्हणजे आमच्या गल्लीच्या मयत-मंडळीचे अध्यक्ष. मयत असो की लग्न, तंबू, भांडी, बाकं यांच्याच ताब्यात, आणि त्यामुळे गल्लीतलं नीतिशास्त्रही. शिफेरावांनी काटा खाली ठेवला. संपलं! आता अब्रू गेली.

पण बेयेनेंच्या समोर ताटलीत आम्लेट होतं. मोठ्या उपवासात, अंड्याचं, वर लोणी.

बेयेनेंनी ताटलीवर रुमाल टाकला.

"डॉक्टरांनी सांगितलंय," बेयेने म्हणाले.

"मलाही," शिफेराव म्हणाले.

तिथून पुढे खरी आफत सुरू झाली. आपलं आम्लेट झाकायचं तर शिफेरावांचं पुण्य फुगवलं पाहिजे, असं बेयेनेंच्या डोक्यानं घेतलं. त्यांनी गल्लीत जाहीर केलं, की शिफेराव रोज पियासाला जातात ते एका अनाथ माणसाला जेवू घालायला. कॅफेतल्या वेटरनं म्हणे स्वतः सांगितलं, की हे रोज कुणाची तरी वाट बघतात. झालं! चर्चमधले पाद्री अब्बा वोल्दे स्वतः घरी येऊन आशीर्वाद देऊन गेले, आणि लग्नात सर्वांत मानाच्या ताटावर, अब्बांच्या शेजारी, शिफेरावांनी बसायचं असं मंडळीनं ठरवून टाकलं.

"त्या दिवशी उपवासही नाही नि नवसही नाही," बेयेने डोळा मारून म्हणाले. "पोटभर जेवा!"

शिफेरावांची सगळी भिस्त आता प्लास्टरवर होती, म्हणजे ते निघण्यावर. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ते दवाखान्यात गेले. पहिल्या खिडकीवर सांगितलं, प्लास्टर कापायची करवत दुरुस्तीला गेलीये. दुसऱ्या खिडकीवर कळलं, करवत आलीये पण ती चालवणारा उपवासानं चक्कर येऊन घरी गेला. तिसरीवरच्या बाई म्हणाल्या, "आधी एक्स-रे काढा. एक्स-रेवर शिक्का आणा. शिक्का कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे, साहेब ईस्टरला गावी गेलेत."

"मग मी काय करू?"

"सणानंतर या."

'उद्या या' ऐकायला कसं वाटतं, हे शिफेरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन त्यांनी स्वतःच भाजी कापायच्या सुरीनं प्लास्टर तासायचा प्रयत्न केला. सुरी बोथट झाली आणि प्लास्टरवर एक बारीक रेघ उमटली, बस.

ईस्टरच्या दिवशी घरोघरी कोंबडीचा रस्सा शिजत असताना शिफेरावांनी दार लावून घेतलं, फोटो उलटा केला आणि उकडलेलं अंडं खाल्लं. अंड्याला डावं-उजवं नसतं. बाहेर लोक एकमेकांच्या घरी जात होते, हसत होते. एकदोघांनी दार वाजवलं. शिफेराव अंडं तोंडात धरून गप्प बसले. माणसं परत गेली, आणि ती परत गेल्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मग आला रविवार. गल्लीच्या तोंडाशी मंडळीचा तंबू लागला. बिझुनेशच्या मयताला लागला होता तोच. एका कोपऱ्यात तिच्याच वेळचं भोक, ते शिफेरावांनी लगेच ओळखलं. त्यांनी ठरवून ठेवलं होतं: पांढऱ्या शालीत हात गुंडाळायचा, अब्बांशी धर्माचं बोलत राहायचं, आणि ताट आलं की पोटदुखी काढायची. मधोमध वधूवरांपुढे बिझुनेशची मेसोब होती. तिच्याकडे बघायचं नाही, हेही ठरवलं होतं. ते मात्र जमलं नाही.

तांब्या-घंगाळ घेऊन हात धुवायला माणूस आला. अब्बांनी हात पुढे केला, बेयेनेंनी केला. शिफेरावांनी शाल आवळली.

"हात?" माणूस म्हणाला.

"धुतलाय."

ताट आलं. इंजेऱ्यावर कोंबडीचा लालभडक रस्सा, बाजूला पांढरं ताजं पनीर. अब्बांनी मानानं अंडं उचलून शिफेरावांच्या बाजूला ठेवलं. "घ्या, घ्या. एवढा उपवास केलात."

"पोट जरा..." शिफेराव पुटपुटले.

"सवय मोडलीये आतड्यांची," बेयेने सगळ्यांना समजावू लागले. "पुण्यवान माणसाचं असंच होतं."

तेवढ्यात आस्कालेचबाई आल्या. वधूची आई ताटाताटांवर जाऊन पाहुण्यांना भरवते, ती रीतच. त्यांनी अब्बांना भरवलं, बेयेनेंना भरवलं, आणि मग शिफेरावांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं पनीर इंजेऱ्यात गुंडाळलं, रश्श्याला हात लावला नाही.

"इतिये आस्कालेच, माझं पोट..."

"गाशे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा दहा माणसांचा आवाज एकदम एका माणसाचा झाला, "मी मागितलेल्या टोपलीपायी तुमचा हात गेला. मी रोज ताट घेऊन दाराशी येते आणि खिडकी लावलेली बघून परत जाते. नवस-बिवस काही नाही तुमचा, मला का कळत नाही? आज माझ्या लेकीचं लग्न आहे. आजसुद्धा नाही म्हणणार?"

घास समोर होता. सुटायला एकही वाट नव्हती, आणि खरं सांगायचं तर शिफेरावांना आता सुटायचंही नव्हतं. ते दमले होते. त्यांनी आ केला.

घास तोंडात गेला, बाईंची बोटं ओठांना लागली, आणि शिफेरावांच्या डोळ्यांतून जी धार लागली ती लागलीच. पाणीखात्यात असा नळ फुटला असता तर त्यांनी अर्धं शहर बंद केलं असतं. चघळता येईना, गिळता येईना, तोंड झाकायला हातही नाही.

"तिखट," ते कसेबसे म्हणाले. "फार तिखट आहे."

"पनीर आहे ते," अब्बा वोल्दे म्हणाले.

"हो, पण तिखट आहे," आस्कालेचबाई ठासून म्हणाल्या. "मीच घातलंय." आणि त्यांनी दुसरा घास वळला.

मग काय विचारता! बांध फुटला. अब्बांनी भरवलं. बेयेनेंनी ओशाळून एवढा मोठा घास भरवला की शिफेरावांचे डोळे आणखीनच बाहेर आले. नवरदेवाकडचे, ज्यांना हे कोण ते माहीतही नव्हतं, ते रांगेनं आले. शिफेराव रडत होते, खात होते, आणि मान हलवत होते. संतपद गेलं ते गेलंच, पण पोट मात्र भरलं.

रात्र व्हायच्या आत ते घरी आले. घर अगदी गप्प होतं, रोजच्याहून जास्त. फोटो सुलटाच होता. "भरवलं मला," त्यांनी सांगितलं, आणि झोपले.

सणानंतर साहेब आले, किल्ली आली, शिक्का बसला आणि प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो शिफेरावांच्या ओळखीचा नव्हता. बारीक, पांढुरका, दुसऱ्या कुणाचा तरी. पण उजवा होता. घरी येऊन त्यांनी थाटात पिठलं केलं, इंजेरा मांडला, खिडकी उघडी टाकली. हात धुतला. तुकडा तोडला, पिठलं टिपलं, नीट वळला. आणि त्यांच्याही नकळत हात तोंडाकडे न येता स्टुलाच्या पलीकडे गेला, जिथे बिझुनेश बसायची तिथे.

तिथे चुलीवरचं फडकं होतं. घास तसाच हवेत राहिला. हात बरा झाला की सगळं बरं होईल, असं इतके दिवस धरून चाललेल्या माणसाला एकदम कळलं, की हाताचा यात काही संबंधच नव्हता. आता हा घास स्वतः खावा तर घशाखाली उतरणार नाही, आणि ठेवून द्यावा तर तेही जमेना.

"गाशे! आहात का?"

दारात मेसोब उभी होती. तिच्या वरच्या बाजूला आस्कालेचबाईंचा चेहरा, खालच्या बाजूला पाय. दोन्ही हातांनी कवटाळून आणली होती. "झाकण बघून घ्या, आधीच सांगते. जरासुद्धा धक्का लागलेला नाही. आणि बघा ना, मेस्केरेम गेली सासरी तरी दोघींचाच स्वयंपाक होतोय माझ्या हातून. कालचं उरलं, आजचं उरलं. एकटीनं खाणार किती? बोलायला भिंत. कुठं ठेवू ही? हात दुखताहेत माझे."

शिफेराव घास तसाच धरून दारापर्यंत आले.

"आधी आ करा," ते म्हणाले.

बाईंचे दोन्ही हात टोपलीत गुंतलेले. नको म्हणायला हात हलवायचा म्हटलं तर टोपली पडली असती, आणि टोपली पाडायची कुणाची छाती होती? त्यांनी आ केला. शिफेरावांच्या नव्या हातातून पिठल्याचा एक थेंब बाईंच्या हनुवटीवर पडला, पण घास पोचला. बाई डोळे मिटून चावत राहिल्या.

"मीठ विसरलात," मग त्या ओल्या आवाजात म्हणाल्या. "आणि बिझुनेश असती तर पिठल्याला असं पाणी सुटू दिलं नसतं. कांदा कच्चा आहे. आणि एकावरच थांबणार का? भांडायचंय माझ्याशी?"

शिफेरावांनी मेसोब त्यांच्या हातातून घेतली, स्टूल पायानं बाजूला सारलं, मधोमध मेसोब मांडली आणि तिच्यावर ताट ठेवलं. बाई अजून कांद्याबद्दलच बोलत होत्या. शिफेरावांनी दुसरा घास वळला, आणि तो जरा मोठाच केला, म्हणजे निदान थोडा वेळ त्यांना बोलता येऊ नये.